बॉइंकसाठी स्वस्तात पीसी घेतोयस ना, मग हे वाच

अरे बॉइंक म्हणजे आपल्या पीसीची ताकद शास्त्रज्ञांच्या मोठ्या गणितांना देणारा प्रोग्राम, त्याला नवं ग्राफिक कार्ड आत्ता नकोच, ऑफिसातून निघालेला जुना ६ कोरचा डेस्कटॉप बघ, रॅम १६ जीबी कर आणि उरलेले पैसे चांगल्या पॉवर सप्लायत घाल, लायटिंगवाल्या कॅबिनेटात नको. मालवणात तुमचं घर किनाऱ्यालाच, खारी हवा कॉन्टॅक्ट गंजवते, म्हणून पीसी समुद्राकडच्या खिडकीपासून लांब ठेव. विजा कडाडायला लागल्या की प्लग काढायचाच, लॅनची वायर पण! कामाची काळजी नको, बॉइंकची बहुतेक कामं मधेमधे चेकपॉइंट लिहितात, म्हणजे झालेलं काम सेव्ह करतात, तिथूनच पुढे चालू होतात.

बिलाचं घरी आधीच सांग, १०० वॅट २४ तास म्हणजे महिन्याला ७२ युनिट. बॉइंकवरचा आईन्स्टाईन ॲट होम प्रकल्प लाव पहिला, पल्सार म्हणजे गरगर फिरणारे मृत तारे शोधतात त्यात, मला फार जवळचं वाटतं ते.