विषाणूचा उतारा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलच्या विज्ञान शिक्षिकांनी विचारलं आहे : "डासाच्या जनुकसंचात विषाणूंचे जुने तुकडे सापडतात आणि त्यातले काही डासाला विषाणूंपासून वाचवतात, हे मला मुलांना सांगायचं आहे. त्यांना 'विषाणूंचे जीवाश्म' म्हणावं का? 'अंतर्जात विषाणू घटक' म्हटलं की मुलं नुसती बघत बसतात."

ताई, 'जीवाश्म' नको. अश्म म्हणजे दगड. जीव गेला आणि ठसा उरला, त्याला आपण जीवाश्म म्हणतो. मोडून निकामी झालेल्या तुकड्यांना तो शब्द चालेल, आणि तसेही पुष्कळ असतात. पण तुमचा पाठ कामाला लागलेल्या तुकड्यांचा आहे. त्यांच्यासाठी मला 'उतारा' हा शब्द सुचतो, आणि तो जितका तपासून पाहिला तितका पटत गेला.

आपल्या भागात उतारा म्हटलं की आधी शेत आठवतं. पीककर्ज असो, भावाभावांतली वाटणी असो, "उतारा काढून आणलास की नाही?" हा पहिला प्रश्न. मूळ नोंद दप्तरात राहते, आपल्या हाती येते ती तिची नक्कल. कागदावरची भाषा कन्नड झाली तरी शेजारचा कन्नड शेतकरीही त्याला 'उतार'च म्हणतो, म्हणजे हा शब्द दोन्ही घरांतला आहे. मुलांना तो परीक्षेतही भेटतो : 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा.'

दुसरा उतारा विषावरचा. आणि तिसरा तिकटीवरचा : दहीभात, लिंबू, कुंकू. लहानपणी शाळेला जाताना तो ओलांडू नये म्हणून आम्ही वळसा घालून जायचो. नक्कल उतरवतात, विष उतरतं, दृष्ट उतरवतात. सगळ्यांच्या मुळाशी 'उतरणे' हे एकच क्रियापद. ते संस्कृतातल्या 'तॄ', म्हणजे पार होणे, या धातूपासून आलं. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे देतो ते 'अवतरण'ही त्याच धातूचं. नक्कल आणि औषध हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात, आणि डासाच्या पेशीत नेमकं तेच घडतं.

कसं ते बघा. डेंग्यू, चिकुनगुन्या किंवा फक्त कीटकांनाच होणारे कित्येक विषाणू आरएनएचे असतात. डासाचा जनुकसंच डीएनएचा. हे विषाणू स्वतः डीएनएत शिरत नाहीत. पण डासाच्या जनुकसंचात जागा बदलणारे, उड्या मारणारे घटक भरपूर आहेत. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्टाय डासात तर जवळजवळ निम्मा जनुकसंच त्यांचाच. त्यातल्या काहींकडे आरएनएवरून डीएनए लिहून काढणारं विकर असतं. संसर्ग चालू असताना ते कधीकधी विषाणूच्या आरएनएचाही तुकडा उतरवून घेतं. ही नक्कल जनुकसंचात चिकटली आणि अंड्या-शुक्राणूंच्या पेशींत पोचली, की पुढच्या पिढ्यांना वारशाने मिळते. इथवर झाला नोंदीचा उतारा.

आता औषधाचा. या नकला बऱ्याचदा जनुकसंचातल्या विशिष्ट पट्ट्यांत बसलेल्या आढळतात. त्या पट्ट्यांवरून लांब आरएनए तयार होतो आणि त्याचे साधारण 24 ते 30 अक्षरांचे बारके तुकडे पडतात. त्यांना पिवी-आरएनए म्हणतात, कारण पिवी नावाची प्रथिनं ते हाती धरून पेशीत फिरतात. समोर जुळणारा विषाणूचा आरएनए आला की पिवी प्रथिन त्याला कापतं.

हे नुसतं अनुमान राहिलेलं नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी 2020 साली एडिस इजिप्टायच्या जनुकसंचातला असा एक उतारा क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या कात्रीने काढून टाकला. ज्या विषाणूशी तो जुळत होता, तो मग मादीच्या अंडाशयात जास्त वाढला. हा विषाणू आईकडून अंड्यांत उतरतो, म्हणून अंडाशयातली राखण विशेष मोलाची.

एक मात्र वर्गात ठासून सांगा. मजकूर जुळला तरच उतारा चालतो. शेजारच्या गटाचा उतारा नेला तर आपलं कर्ज मंजूर होत नाही, तसंच हे. एडिसमधले बहुतेक उतारे कीटकांपुरत्याच राहणाऱ्या विषाणूंचे आहेत. त्यामुळे 'डासाने डेंग्यूवर उतारा मिळवला' असं वाक्य फळ्यावर येऊ देऊ नका. एडिस अजून डेंग्यू पसरवतोच आहे. मागच्या अंगणातल्या टाक्या, टायर, नारळाच्या करवंट्या रिकाम्या करायच्याच आहेत.

'डासाची लस' असंही काही जण लिहितात, तेही टाळावं. लस टोचल्यावर आपल्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात. डासाकडे प्रतिपिंडं नसतातच. शिवाय लशीचं संरक्षण टोचून घेणाऱ्यापुरतं, आणि हा उतारा मात्र जमिनीसारखा वारसाहक्काने येतो.

वापरताना पहिल्यांदा 'अंतर्जात विषाणू घटक, म्हणजेच विषाणूचा उतारा' असं लिहा, पुढे नुसतं 'उतारा'. डीएनएवरून आरएनए तयार होण्याला 'प्रतिलेखन' हा शब्द रूढ आहे, त्याच्या जागी 'उतारा' नेऊ नका, गोंधळ होईल. फळ्यावर असं लिहून बघा : 'या डासाच्या जनुकसंचात जुन्या विषाणूचा उतारा आहे, आणि त्याच विषाणूवर तो उतारा आहे.' मग दोन्ही 'उतारा' शब्दांखाली रेघ मारून मुलांनाच फरक विचारा. घरी शेत असलेलं पोरगं आधी हात वर करेल.