लग्नाचे पान आणि शिबिराची न्याहारी: वाचकांचे दोन प्रश्न

प्रश्न: माझ्या धाकट्या मुलीचे लग्न येत्या वैशाखात एका मंगल कार्यालयात आहे. साधारण 400 पाने होतील. केटररने 36 पदार्थांची यादी दिली असून तीत चाट, चायनीज, पास्ता आणि चार गोडाचे पदार्थ आहेत. आमच्याकडे मधुमेह असलेली ज्येष्ठ मंडळी बरीच आहेत. शिवाय थोरलीच्या लग्नात अन्न टाकून द्यावे लागले, ते अजून मनातून जात नाही. पदार्थ कमी केले तर हात आखडला असे व्याह्यांना वाटेल, अशी घरच्यांना धास्ती आहे. काय करावे?
– एक वाचक, वाई

उत्तर: ताई, घरच्यांची धास्ती मी हलकी मानत नाही, कारण लग्नातले जेवण हा पाहुण्यांचा मान असतो. परंतु तो मान पदार्थांच्या संख्येवर मोजायची रीत बुफेबरोबर आली. पंगतीत तो वेळेवर, गरम आणि आग्रहाने वाढण्यात होता.

केटरर ताटामागे दर लावतो आणि ऐन जेवणात एखादा पदार्थ संपणे ही त्याला नामुष्की वाटते, म्हणून प्रत्येक पदार्थ तो अंदाजापेक्षा थोडा जास्तच करतो. यादीत 36 पदार्थ असतील तर हे ‘थोडे जास्त’ 36 वेळा होते. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात मी उष्टी ताटे ठेवायच्या टेबलाजवळ मुद्दाम बराच वेळ उभी राहिले होते. परत येणाऱ्या ताटांत पनीरच्या रश्शात बुडालेल्या नूडल्स, एकच घास तोडलेला गुलाबजाम, मऊ पडलेला पापड आणि भाताचा ढीग दिसत होता. कैरीच्या डाळीची आणि मठ्ठ्याची वाटी मात्र जवळजवळ प्रत्येक ताटात रिकामी होती.

म्हणून यादी 12-13 पदार्थांवर आणावी आणि ती ऋतूला धरून करावी. वैशाखात कैरीची डाळ, काकडीची कोशिंबीर आणि ओल्या नारळाची चटणी यांनी पानाची डावी बाजू भरपूर भरावी, कारण आरोग्याच्या दृष्टीने आपले पान तिथेच सुधारते. उजवीकडे फणसाची भाजी आणि पनीरऐवजी वाघ्या घेवड्याची उसळ ठेवावी. कोरेगाव तालुक्यातल्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. तो आपल्याच जिल्ह्यातला असल्याने पाहुण्यांना कौतुकाने सांगताही येईल. पोळीबरोबर ज्वारीची भाकरी हवी, पण ती समोर थापून तव्यावरून थेट पानात आली पाहिजे, कारण सकाळी करून ठेवलेली भाकरी दुपारी कोणी घेत नाही. वरण-भात-तूप, मसालेभात, कोथिंबीर वडी आणि मठ्ठा आले की पान पूर्ण होते.

गोड एकच असावे आणि या दिवसांत ते आमरसच, साखर न घालता, लहान वाटीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ व्यक्तीने पदार्थांत वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास 25 ग्रॅमपर्यंतच ठेवावी. स्वागताला दिलेल्या 300 मिलिलिटर शीतपेयातच 30 ग्रॅमच्या आसपास साखर असते. त्याऐवजी पन्हे ठेवल्यास तेही बेताचेच गोड करायला सांगावे, कारण मधुमेह असलेल्यांच्या दृष्टीने गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही.

केटररशी बोलताना दर कमी करण्यापेक्षा पद्धत ठरवण्यावर भर द्यावा. नक्की आकडा दोन दिवस आधी कळवावा. भात, पोळ्या आणि वडीचा घाणा गर्दी पाहून टप्प्याटप्प्याने काढावा. तळणाचे तेल ताजे असावे, आदल्या कार्याचे नसावे. पदार्थ कमी झाल्यामुळे वाचलेल्या पैशांतून चार वाढपी जास्त घ्यावेत आणि निदान ज्येष्ठांची व लहान मुलांची पंगत बसवावी. वाढप्याने आधी अर्धा डाव वाढावा आणि दुसऱ्यांदा आवर्जून यावे. व्याह्यांच्या पंक्तीत आपण स्वतः आमरसाचे भांडे घेऊन फिरलात, तर हात आखडला असे कोणाच्याही मनात येणार नाही.

तरीही काही उरेल, त्याची सोय आधीच करावी. भटारखान्यात झाकून ठेवलेले, पानात किंवा बुफेच्या टेबलावर न गेलेले अन्नच दुसऱ्याला द्यावे. ते 60 अंश सेल्सिअसच्या वर गरम राहिलेले असावे आणि जवळच्या वसतिगृहाशी किंवा आश्रमाशी आदल्या दिवशीच बोलणे झालेले असावे. उन्हाळ्यात दुपारभर कोमट राहिलेल्या भातात जंतूंचे विष तयार होऊ शकते आणि ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. असा भात चांगल्या भावनेनेही कोणाला देऊ नये.

प्रश्न: आमच्या संस्थेत दरमहा 60 जणांचे प्रशिक्षण शिबिर होते. कागदी ताटे आणि पाण्याच्या लहान बाटल्या आम्ही सोय म्हणून वापरतो. ते योग्य आहे का? न्याहारीला सामोसा-बिस्किटांऐवजी काय ठेवावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: कागदी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच ताटांना आणि पेल्यांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे त्यांचे खत होत नाही. थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या ताटांवर तर महाराष्ट्रात 2018 पासूनच बंदी आहे. दरमहा तीच 60 माणसांची सोय करायची असेल, तर स्टीलची ताटे एकदाच विकत घ्यावीत आणि धुण्याची मजुरी खर्चात धरावी. सहलीसारख्या, पाण्याची सोय नसलेल्या ठिकाणी पळसाची पत्रावळ उत्तम. ती ओल्या कचऱ्यात जाते.

न्याहारीला मटकीची उसळ, नाचणीचे घावन किंवा भाज्या घातलेले पोहे ठेवावेत. दुपारच्या चहाबरोबर भाजलेले शेंगदाणे आणि ऋतूतले फळ पुरेसे आहे; नाशिकला द्राक्षांच्या हंगामात याहून सोपे काही नाही. पाण्यासाठी नळाचे पिंप आणि स्टीलचे पेले ठेवावेत, आणि पेल्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावाव्यात, म्हणजे एकाला दिवसभरात चार पेले लागणार नाहीत.