ब्राह्मी सुरू करताय? आधी हे वाचा

डबीवर आधी 'बॅकोपा मोनिएरी' हे नाव शोधा. ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णीही सर्रास विकली जाते, ती वनस्पती वेगळी. आठवड्याभरात फरक पडेल ही आशा सोडा. बहुतेक चाचण्यांत रोज सुमारे 300 मिलिग्रॅम अर्क 12 आठवडे दिला होता, आणि फायदा दिसला तोही माफकच, मुख्यतः वाचलेलं नंतर आठवण्यात. उपाशीपोटी घेऊ नका; मळमळ, पोटात कळ, पातळ शौच होतं. (मी घेतली होती. पुन्हा नाही.) थायरॉईडची किंवा नाडी मंद करणारी औषधं चालू असतील, गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबी उघडूच नका. विसरभोळेपणा अचानक वाढला असेल तर आधी तपासणी. बी-12 कमी असलं तरी असं होतं.