डायनासोर संपल्यावर जीवसृष्टी सावरायला किती काळ लागला? मुंबईत त्याची काही खूण आहे का?

मोठे सस्तन प्राणी ७ लाख वर्षांत आले, पण समुद्रातल्या सूक्ष्मजीवांची विविधता पूर्ववत व्हायला साधारण १ कोटी वर्षं गेली. आणि खूण आहे, थेट वरळीत. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते, म्हणून थोडं खुलासेवार सांगते. ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोत अशनी आदळला. त्यानंतरच्या मातीच्या थरात फुलझाडांचे परागकण एकदम रोडावतात आणि नेच्यांच्या (फर्नच्या) बीजाणूंचा नुसता खच दिसतो. उजाड जमीन आधी नेच्यांनीच बळकावली, अगदी पावसाळ्यात पडक्या चाळीच्या भिंतीवर उगवतात तशी. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत पुढचा क्रम छान सापडलाय: उंदराएवढे सस्तन प्राणी तगले, १ लाख वर्षांत रॅकूनएवढे (मांजरापेक्षा जरा मोठे) झाले, ७ लाख वर्षांत काही ५० किलोंच्या घरात गेले. त्याच सुमारास तिथे शेंगावर्गीय झाडंही दिसू लागतात. म्हणजे खुराक सुधारला!

वरळीत लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात इवल्याशा बेडकांचे सांगाडे मिळाले. १८४७ मध्ये इंग्रज जीवशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. आज त्यांना इंडोबॅट्रॅकस म्हणतात. ज्वालामुखी मधूनमधून शांत झाला की डबक्यांत असं जीवन लगेच नांदायचं.

फक्त एक लक्षात घ्या, कोलोरॅडोचे आकडे तिथलेच आहेत. ते जसेच्या तसे भारताला लावू नका, कारण इथे लाव्हा पुढेही वाहतच होता.