आईवडिलांना घेऊन चिंक्वे तेर्रेची पाचही गावं एका दिवसात होतील का?

मे महिन्यात फ्लोरेन्सला चार दिवस आहात, बरोबर आई (गुडघे दुखतात) आणि बाबा (वय 68), त्यातला एक दिवस चिंक्वे तेर्रेला, म्हणजे इटलीच्या समुद्रकाठच्या त्या पाच गावांना, द्यायचाय. पाचही गावं होतील का आणि डोंगरातली वाट त्यांना झेपेल का, असं विचारलंत.

होतील की. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला, रिओमाज्जोरे, प्रत्येक गावाला स्टेशन आहे आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला गाडी चार-पाच मिनिटांत पोचते. पण फ्लोरेन्सहून ला स्पेत्सिया या अलीकडच्या शहरापर्यंतच दोन-अडीच तास मोडतात, बऱ्याचदा पिसाला गाडी बदलून, आणि तेवढेच परत येताना. उरलेल्या वेळात पाच वेळा उतरायचं, गर्दीतून वाट काढत बंदरापर्यंत जायचं, फोटो काढायचा, पळत फलाट गाठायचा. मी सहा वर्षं जेनोवात राहते. पहिल्या वर्षी एका रविवारी मी नेमकं हेच केलं आणि रात्री घरी फोटो बघताना मानारोला कुठलं आणि रिओमाज्जोरे कुठलं, हे माझं मलाच सांगता येईना.

गेल्या मे महिन्यात आईबाबा आले तेव्हा शहाणपण सुचलं होतं. दोन रात्री लेवांतोला राहिलो. लेवांतो पाच गावांत मोजत नाहीत, जेनोवाच्या बाजूने येताना मोंतेरोस्सोच्या अलीकडचं स्टेशन आहे. मोठं, सपाट, खोल्या तुलनेने स्वस्त आणि स्टेशनवरून बॅगा ढकलत नेता येतात. पाच गावांत खोली घेतलीत तर जिन्यांची तयारी ठेवा. ही गावं डोंगराच्या खोबणीत उभी रचली आहेत, घरं अरुंद आणि उंच, लिफ्ट क्वचितच. फोटोत गोड दिसणारी गुलाबी-पिवळी खोली बहुधा चौथ्या मजल्यावर असते आणि तिथवर सामान आपणच न्यायचं असतं. तेव्हा जमलं तर फ्लोरेन्सच्या दोन रात्री कमी करून इकडे द्या. तेवढं जमत नसेल तर एका दिवसात दोनच गावं आणि एक वाट, बस.

कुठली वाट, ते सांगते. जरा लांबण लागेल.

बहुतेक जण समुद्रालगतच्या निळ्या वाटेवर जातात. तिचे मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा आणि वेर्नात्सा ते कोर्नील्या हे दोन टप्पे सुंदर आहेत, पण चढउताराचे. पहिल्याला दोन तास, दुसऱ्याला दीड तास धरा, आणि दोन्हींना विकतचं कार्ड लागतं (त्याबद्दल पुढे सांगते). तुमच्या आईच्या गुडघ्यांना ते नको. रिओमाज्जोरे आणि मानारोला यांच्यामधली 'व्हिआ देल्लामोरे', म्हणजे प्रेमाची वाट, मात्र जेमतेम एक किलोमीटर आणि जवळपास सपाट आहे. 2012 च्या सप्टेंबरात इथे दरड कोसळून चार ऑस्ट्रेलियन पर्यटक जखमी झाले, आणि पूर्ण वाट पुन्हा उघडायला 2024 उजाडलं. आता तिला वेगळं तिकीट आहे, वेळ ठरवून आधी घ्यावं लागतं आणि रिओमाज्जोरेकडूनच शिरावं लागतं. बाबा पुटपुटले, "चालायला तिकीट?" पण आईने ती वाट अगदी निवांत, थांबत थांबत पूर्ण केली. वीस मिनिटांच्या वाटेला आम्हाला तास लागला.

माझ्या मते खरी वाट मात्र वर आहे. मानारोलाहून व्होलास्त्रा नावाच्या वाडीला छोटी बस जाते. पायी गेलात तर नुसत्या पायऱ्याच पायऱ्या, तेव्हा बसनेच जा. वर एक जुनं चर्च आहे, तिथून द्राक्षांच्या मळ्यांतून कोर्नील्याकडे वाट निघते. पहिला बराच भाग जवळपास एका पातळीत जातो. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला खाली समुद्र, आणि पाऊलवाट इतकी अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने द्राक्षांच्या वेलीला पाठ लावून उभं राहायचं. शेवटी कोर्नील्याकडे जो उतार आहे तो गुडघ्यांवर फार येतो. आम्ही तो केलाच नाही. अर्धा तास चाललो, बसलो, डब्यातलं खाल्लं आणि त्याच वाटेने परत व्होलास्त्राला येऊन बस धरली.

त्या अर्ध्या तासात बाबांनी समुद्राकडे फारसं बघितलं नाही. ते राजापूरकडचे, त्यांचं लहानपण कलमांच्या बागेत आणि भाताच्या मळ्यांवर गेलं. ते एका भिंतीशी उकिडवे बसले. छातीएवढी उंच भिंत, वालुकाश्माचे ओबडधोबड दगड एकावर एक रचलेले, सगळ्यात मोठे तळाला, मधल्या फटींत चिपा ठोकलेल्या, आणि सगळी भिंत किंचित डोंगराकडे झुकलेली. त्यांनी दोन दगडांच्या फटीत बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हा गडगा आहे." मग मला आणि आईला तिथेच उभं करून शिकवणी सुरू. चुना नाही, सिमेंट नाही, म्हणूनच टिकलाय. पाऊस मुरला की पाणी फटींतून निघून जातं, माती मागेच राहते. सिमेंटची भिंत घातली असती तर पाणी मागे तुंबून दोन पावसाळ्यांत तिला पोट आलं असतं. आपल्याकडे जांभ्याचा असतो, इथे हा दगड, एवढाच काय तो फरक.

इथल्या लोकांनी साधारण हजार वर्षांपूर्वीपासून हे उतार असे पायरीपायरीने बांधून काढले. लिगुरियात, म्हणजे या किनाऱ्याच्या प्रांतात, त्या पायऱ्यांना 'फाशे' म्हणतात. हा अख्खा किनारा पोर्तोव्हेनेरे आणि समोरच्या तीन बेटांसकट 1997 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला तो रंगीत घरांपेक्षा या गडग्यांमुळे, म्हणजे माणसाने घडवलेल्या डोंगरामुळे. 1999 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. 2018 मध्ये बिनचुन्याच्या दगडी बांधकामाची कलाच युनेस्कोने अमूर्त वारसा म्हणून नोंदवली, इटलीसह आठ देशांच्या नावावर. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग आमच्या गड्यांची नावं घालायला हवी होती त्यात."

थोडं पुढे गडगा ढासळलेला दिसला. दगड खालच्या टप्प्यात सांडलेले, वेलींच्या जागी करवंदीच्या जाळीसारखं काहीतरी काटेरी माजलेलं. कोणी लावत का नाही, असं आईने विचारलं. कोकणातल्या माणसाला याचं उत्तर समजावून सांगावं लागत नाही. 1869 मध्ये ला स्पेत्सियाला नौदलाची गोदी सुरू झाली, 1874 मध्ये रेल्वे आली, आणि पगाराची नोकरी गाडीने थोड्याच वेळाच्या अंतरावर येऊन बसली. तोवर या गावांना जाता यायचं ते होडीने नाहीतर खेचरांच्या वाटेने. माणसं गोदीत, रेल्वेत, पुढे परदेशात गेली. हे इटलीतले चाकरमानी. गणपतीला येतात की नाही एवढंच विचारायचं राहिलं, असं बाबा म्हणाले. द्राक्षं पाठीवरून आणि डोक्यावरून वाहायचं काम कोण करणार? आता काही मळ्यांत एका रुळावर चालणारी दातेरी चाकाची छोटी गाडी आहे, उभ्या चढावर सरपटत जाते. तिचा रूळ वाटेत दिसला की बघा, फार गंमतशीर प्रकार आहे.

हे सगळं पाल्हाळ वाटेल, पण तुमच्या प्रवासाशी त्याचा थेट संबंध आहे. गडगे पडले की डोंगर सुटतो. 25 ऑक्टोबर 2011 ला काही तासांत एवढा पाऊस कोसळला की मोंतेरोस्सो आणि वेर्नात्सामध्ये चिखलाचे लोंढे घुसले. वेर्नात्साचा मुख्य रस्ता मुळात झाकलेल्या ओढ्यावर आहे, तो चिखल-दगडांनी भरून गेला, माणसं गेली. म्हणून इथे पावसाचा इशारा लागला की वाटा सरळ बंद करतात, आणि तेव्हा हुज्जत घालून उपयोग नाही. जायच्या आदल्या संध्याकाळी उद्यानाच्या संकेतस्थळावर कुठली वाट उघडी आहे ते पाहूनच बेत ठरवा. तुम्ही मे निवडलाय ते उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये वर सावली नाही आणि खाली उभं राहायला जागा नाही.

आता बारीकसारीक. 'चिंक्वे तेर्रे ट्रेनो कार्ड' घ्या, त्यात लेवांतो ते ला स्पेत्सिया पट्ट्यातल्या लोकल गाड्या दिवसभर, पैशांच्या वाटा (प्रेमाच्या वाटेचं तिकीट वेगळं) आणि गावांतल्या छोट्या बसेस येतात. कागदी तिकीट किंवा कार्ड असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा. मी इटलीत नवीन असताना एकदा ते विसरले, तिकीट हातात असूनही दंड भरला, आणि टीसीशी मोडक्या इटालियनमध्ये वाद घालून काहीही झालं नाही. चपला, फ्लिपफ्लॉप घालून डोंगरातल्या वाटांवर जाऊ नका, त्यालाही दंड आहे. आईंना साधे रबरी तळाचे बूट चालतील.

कोर्नील्याचं सांगायला हवं, कारण तिथे फसगत होते. बाकीची चार गावं पाण्याला लागून आहेत, हे समुद्रापासून सुमारे शंभर मीटर वर कड्यावर बसलंय. स्टेशन खाली. वर जायला 380 च्या आसपास पायऱ्या, नागमोडी जिना. तरुण मुलंही मध्ये कठड्याला टेकून फोनमध्ये काहीतरी बघायचं नाटक करतात. स्टेशनबाहेरून बस सुटते, पण ती एवढीशी आहे, पहिली भरली तर दुसरीची वाट बघा, पायऱ्यांच्या मोहात पडू नका. पर्यटकांच्या बोटीही कोर्नील्याला थांबत नाहीत, तिथे बंदरच नाही. बाकी चारही गावांना थांबतात, आणि समुद्र शांत असेल तर एक टप्पा बोटीने जरूर करा. डोंगराच्या त्या सगळ्या पायऱ्या एका नजरेत फक्त पाण्यातूनच दिसतात.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आईबाबा बरोबर आहेत म्हणजे विचाराल. हा पेस्तोचा, म्हणजे बेसिलच्या पानांच्या हिरव्या चटणीचा, मुलूख. त्रोफिये नावाचा पीळ घातलेला पास्ता, त्यात पेस्तो, आणि बरोबर उकडलेला बटाटा व फरसबी. आपल्या जिभेला लगेच रुचतं. फक्त पेस्तोत पार्मेजान किंवा पेकोरिनो चीज असतं, ते वासराच्या किंवा कोकराच्या रेनेटने (जठरातून काढलेल्या विरजणाने) केलेलं, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर आधीच ठरवा. आमच्या आईला सगळ्यात आवडली ती फारिनाता. चण्याचं पीठ, पाणी, मीठ, भरपूर ऑलिव्ह तेल, मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून भट्टीत भाजलेलं. कड कुरकुरीत, मध्यभागी मऊ, वरून मिरपूड. पहिला तुकडा तोंडात टाकून ती म्हणाली, "धिरडंच आहे, उलटायचं विसरलेत." आणि मग तिने तीन तुकडे खाल्ले. बाबांनी मोंतेरोस्सोच्या खारवलेल्या आंचोव्या घेतल्या. आपल्या मांदेलीच्या कुळातलाच मासा हा. त्यावर लिंबू पिळताना ते समाधानी होते; भाकरी नाही एवढीच तक्रार. वाइन घेत असाल तर शाक्केत्रा चाखा, सावलीत सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन, महाग आणि अगदी छोट्या पेल्यात मिळते. त्या गडग्यांवर चढून तोडलेल्या, सुकून निम्म्याहून कमी झालेल्या द्राक्षांची किंमत आहे ती.

तर बेत असा करा. पहिल्या दिवशी दुपारी लेवांतोला पोचून संध्याकाळी मोंतेरोस्सो. पाचांत तेवढ्यालाच खरीखुरी मोठी पुळण आहे, आई पाय बुडवून बसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत निघून रिओमाज्जोरे, तिथून प्रेमाची वाट, मानारोला, बसने व्होलास्त्रा, जेवढं झेपेल तेवढं चालणं. दुपारचे अकरा ते चार गावांत सगळ्यात जास्त गर्दी असते, तो वेळ वर काढायचा. सहानंतर वेर्नात्सा. दिवसभराचे लोक गेलेले असतात, बंदरापाशी दगडावर बसायला जागा मिळते. कोर्नील्या राहिलं तर राहू द्या. आमचं राहिलं.

आणि गाडीत ला स्पेत्सियाहून लेवांतोकडे येताना डावीकडची खिडकी धरा. सगळे बोगदेच आहेत, कोकण रेल्वेसारखे, पण मधल्या उघडीपीत समुद्र त्याच बाजूला येतो. आमच्या डब्यात आईने ती पकडली. बाबा मुद्दाम उजवीकडे बसले, गाडी कोर्नील्याला थांबली की वरच्या उतारावरचे पडलेले गडगे मोजायला.