घरी मोठा टीव्ही असताना चित्रपटगृहात कशासाठी जायचे?

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून सांगलीत राहतो. गेल्या दिवाळीत मुलाने ५५ इंची टीव्ही आणि साउंडबार घेऊन दिला. तेव्हापासून आमच्या यजमानांचे म्हणणे असे, की दोन तिकिटे, रिक्षा आणि मध्यंतरातले खाणे यांवर हजार रुपये घालवण्यापेक्षा तोच चित्रपट थोडे थांबून घरी पाहावा. मला मात्र थिएटरात गेल्याशिवाय चित्रपट पाहिल्यासारखे वाटत नाही; पण असे का, हे मला धड सांगता येत नाही. ही केवळ जुनी सवय आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या यजमानांचा हिशेब चुकीचा नाही. मल्टिप्लेक्समध्ये लागणारे हिंदी चित्रपट साधारणपणे आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतात, म्हणजे वाट पाहण्याचा काळ फार मोठा राहिलेला नाही. शिवाय १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला असला, तरी त्याहून महाग तिकिटावर तो १८ टक्केच आहे आणि मल्टिप्लेक्सची बहुतेक तिकिटे याच दुसऱ्या गटात मोडतात. तरीही आपल्याला जे वाटते ती निव्वळ सवय आहे, असे मला वाटत नाही.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. एका मराठी चित्रपटात नवऱ्याच्या निधनानंतर बायको त्याचा धुऊन वाळलेला सदरा घडी करते, असा एक प्रसंग आहे. त्यात संवाद नाही, संगीत नाही. बाही सरळ करणारे, कॉलर दाबून बसवणारे तिचे हात तेवढे दिसत राहतात. हा चित्रपट मी प्रथम घरी पाहिला, तेव्हा याच सुमारास कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून मी उठले, परत येताना फोनवर आलेला निरोप वाचला, आणि पडद्यावर पाहिले तर पुढचा प्रसंग सुरू झालेला होता. मागे जाऊन पाहावे असेही तेव्हा मनात आले नाही, कारण त्यात काही ‘घडले’ नव्हते. पुढे काही महिन्यांनी एका फिल्म सोसायटीच्या खेळाला तोच चित्रपट पुन्हा पाहण्याचा योग आला. तो सदरा हातात घेतला गेला, तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी चिवड्याच्या पिशवीत घातलेला हात तसाच थांबवला, आणि घडी पूर्ण होईपर्यंत त्या काळोखात कोणी खोकलेसुद्धा नाही. चित्रपटाचा कणा तो प्रसंग होता, हे मला त्या दिवशी कळले. माझा टीव्ही लहान होता म्हणून तो घरी निसटला असे नव्हे. घरी मला उठता येत होते, म्हणून तो निसटला.

घर आणि चित्रपटगृह यांतला खरा फरक इथे आहे, असे मला मनापासून वाटते. पडदा मोठा करता येतो आणि ध्वनीही विकत घेता येतो, पण शेजारच्या अनोळखी माणसाने श्वास रोखला म्हणून आपणही रोखणे, ही गोष्ट दिवाणखान्यात आणता येत नाही. चित्रपटाच्या इतिहासातही हे नोंदले गेले आहे. एका वेळी एकाच माणसाने भिंगातून डोकावून हलती चित्रे पाहावीत, असे एडिसनचे पेटीवजा यंत्र १८९४ मध्येच लोकांपुढे आलेले होते. तरीही सिनेमाचा जन्म आपण मोजतो तो २८ डिसेंबर १८९५ पासून, म्हणजे ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून, पडद्यासमोर माणसे एकत्र बसवून चित्रे दाखवली त्या दिवसापासून. पुढे सात महिन्यांच्या आतच, ७ जुलै १८९६ रोजी, त्यांचीच चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. एकट्याने पाहण्याची सोय आधी होती. लोकांनी आपलेसे केले ते सोबतीने पाहणे.

आपल्याकडे तर या सोबतीला फार जुना मान आहे. पुसेगावसारख्या यात्रांमध्ये तंबू टॉकीज लागे, तेव्हा माणसे चित्रपटाइतकीच त्या गर्दीसाठी आत शिरत. अलीकडचे उदाहरण म्हणजे २०२३ मधला केदार शिंदे दिग्दर्शित ‘बाईपण भारी देवा’. सोसायटीतल्या, भिशीतल्या, भजनी मंडळातल्या बायका ठरवून, नटूनथटून, कित्येक जणी नऊवारी नेसून एकत्र चित्रपटगृहात आल्या आणि खेळ संपल्यावर पडद्यासमोर फेर धरून नाचल्या. त्यांतल्या बहुतेकींच्या घरी टीव्ही होता आणि हा चित्रपट पुढे घरी दिसेल हेही त्यांना माहीत होते.

म्हणून प्रत्येक चित्रपट थिएटरातच पाहावा, असा आग्रह मी धरणार नाही. गुडघ्यांना पायऱ्या सोसत नसतील, ऐकू कमी येत असल्याने अक्षरे वाचत पाहण्याची गरज असेल, किंवा एखादा जुना चित्रपट थांबून थांबून अभ्यासायचा असेल, तर घरासारखी जागा नाही. प्रोजेक्टरचा दिवा मंदावलेला आणि संवाद घुमणारे चित्रपटगृह असेल, तर तिथे पाहण्यापेक्षा घरी पाहिलेले नक्कीच बरे. आपण दोघांनी वर्षातले चार-पाच चित्रपट निवडावेत आणि शक्यतो शनिवार-रविवार सोडून सकाळचा किंवा दुपारचा खेळ घ्यावा, कारण ही तिकिटे बहुतेक ठिकाणी स्वस्त असतात. जागा मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेत मधोमध मागावी. तिथे चित्र आणि आवाज दोन्ही नीट पोचतात. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा चित्रपटगृहाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला, पण पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत ठेवले पाहिजे, हेही त्याच वेळी स्पष्ट केले. त्यामुळे पाण्याची बाटली विकत घेण्याची गरज नाही. घरून जेवून निघालात, तर हजाराचा हिशेब बराच खाली येईल.

प्रश्न : नवीन टीव्हीवर चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो आणि संवाद ऐकायला आवाज वाढवला, की मारामारीत कान फुटतात. टीव्हीत दोष आहे का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोष नाही, टीव्हीचे सेटिंग बदलायला हवे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, म्हणजे स्थिर चित्रांचा, असतो आणि टीव्ही त्या चौकटींच्या मध्ये स्वतः तयार केलेल्या चौकटी घालून हालचाल सफाईदार करतो. क्रिकेटच्या सामन्याला हे शोभते, पण चित्रपटाचा पोत त्याने पार जातो. चित्राच्या सेटिंगमध्ये ही सोय कंपनीपरत्वे वेगळ्या नावाने असते. ती बंद करावी, किंवा आपल्या संचात ‘फिल्ममेकर मोड’ असल्यास तो लावावा. वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या घालवण्यासाठी चित्र झूम करून मोठे करू नये, कारण त्यात दिग्दर्शकाने मुद्दाम कडेला उभे केलेले माणूस कापले जाते. आवाजाचे म्हणाल, तर कुजबुज आणि स्फोट यांतले एवढे अंतर शांत, मोठ्या सभागृहासाठी राखलेले असते. रस्त्यावरचा गोंगाट येणाऱ्या खोलीत ते जाचते. साउंडबारवरचा रात्रीचा किंवा संवादाचा पर्याय लावल्यास हे अंतर कमी होते. एवढे केल्यावरही थिएटरातले चित्र भरीव वाटले, तर तो भास समजू नका: तिथे चित्राची माहिती सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत वाहू शकते, तर ओटीटीवर उत्तम दर्जाच्या चित्रालाही साधारण १५ ते २५ मेगाबिटच मिळतात.

प्रश्न : मराठी चित्रपट मी ओटीटीवर आल्यावर आवर्जून पाहतो. थिएटरात गेलो नाही, म्हणून मराठी चित्रपटाचे नुकसान होते का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : होते, आणि ते फार लवकर होते. मराठी चित्रपटाचे भवितव्य बहुतेक वेळा शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत ठरते. मल्टिप्लेक्समध्ये त्याला पुष्कळदा सकाळचा किंवा भर दुपारचा एखादा खेळ मिळतो, त्याला नोकरदार माणूस जाऊ शकत नाही, खुर्च्या रिकाम्या दिसतात आणि सोमवारी तोही खेळ मोठ्या हिंदी चित्रपटाकडे जातो. मराठीला सोयीच्या वेळी खेळ मिळावा म्हणून राज्य सरकारने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्ससाठी दुपारी १२ ते रात्री ९ ही वेळ ठरवली, परंतु त्या वेळेतही दुपारी एकचा खेळ बसतो, आणि नोकरी करणाऱ्याला तो संध्याकाळच्या सातच्या खेळाइतका उपयोगाचा नाही. आपण ज्या ओटीटीची वाट पाहता, तिथेही मराठी चित्रपट घ्यायचा की नाही आणि किती रकमेला घ्यायचा, हे ठरवताना तो चित्रपटगृहात किती चालला हे पाहिले जाते. सगळेच थांबले, तर ज्याची वाट पाहत होतो तो चित्रपट घरीही येणार नाही, आणि अशा कारणाने दिसेनासे झालेले चांगले चित्रपट मी पाहिले आहेत.

तेव्हा ज्याची झलक आपल्याला आवडली असेल, त्याची तिकिटे गुरुवारीच काढावीत आणि पहिल्या शनिवार-रविवारी जावे. नोंदणी अगदीच कमी असेल, तर खेळ रद्द होण्याची शक्यता असते, म्हणून एकट्याचे तिकीट काढून थांबू नये. शेजारच्या दोन घरांना आदल्या दिवशी विचारावे आणि सहा-सात जणांनी मिळून जावे.