सोसायटीत नेटवर्क स्कॅन लावला आणि आता नोटीस आलीय

तुमचा मेल लांबलचक होता, मी समजलो ते असं. घोडबंदर रोडच्या तुमच्या सोसायटीत सीसीटीव्ही सारखे बंद पडायचे म्हणून सेक्रेटरींनी व्हॉट्सॲपवर टाकलं, "जरा नेटवर्क बघा ना", तुम्ही ऑफिसातल्या जुन्या लॅपटॉपवर उबंटूत (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) एनमॅप, म्हणजे नेटवर्कवर काय काय जोडलंय ते शोधणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या यादीत, रोज रात्री २ ला स्कॅन लावून मोकळे झालात, पण स्कॅन करायच्या पत्त्यांच्या रेंजमध्ये /२४ च्या जागी /१६ पडलं, म्हणजे २५६ पत्त्यांऐवजी ६५,५३६, आणि त्यात तुम्हाला इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याची बाकीची गिऱ्हाइकंही आली. आता केबलवाल्याच्या वकिलाची नोटीस, वर कमिटीतल्या एका काकांचा पोलिसांत अर्ज की हा हॅकर आहे.

आधी एक काम करा, किंवा करू नका म्हणा. लॅपटॉप फॉरमॅट करू नका. नेटची वायर काढा, क्रॉनटॅबचा फोटो घ्या आणि सिस्टीम लॉगची कॉपी आजच पेनड्राइव्हवर काढा, कारण उबंटू जुने लॉग काही आठवड्यांत स्वतःच उडवतं. त्या लॉगमध्ये क्रॉनने रोज रात्री नेमकी कुठली कमांड चालवली ते अक्षरशः लिहिलेलं असतं. तुमची चूक त्यात दिसणार हे खरंय, पण रोज तीच एक ओळ चालली, पुढे काही केलं नाही, हेही तिथंच दिसणार आणि तेच आपल्याला हवंय. कमांडमध्ये पासवर्ड ट्राय करणारी एखादी स्क्रिप्ट जोडली असेल तर मला आत्ताच सांगा, पोलिसांकडून कळायला नको.

आता कायदा. आयटी ॲक्ट २००० मध्ये 'ॲक्सेस'ची व्याख्या एवढी ऐसपैस आहे की कॉम्प्युटरशी नुसतं 'कम्युनिकेट' करणंही त्यात बसवता येतं, त्यामुळे "मी फक्त पोर्ट (कॉम्प्युटरची नेटवर्कवरची दारं) बघितले, आत कुठे शिरलो" हा बचाव एकटा पुरत नाही. कलम ४३ मालकाच्या किंवा इनचार्जच्या परवानगीशिवाय केलेल्या ॲक्सेसबद्दल आहे, तिथे हेतू वाईट होता का हे कोणी विचारत नाही, मामला भरपाईचा. कलम ६६ फौजदारी, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण त्याला लबाडीचा किंवा फसवणुकीचा हेतू लागतो. /१६ टाइप होणं ही लबाडी नाही, गाढवपणा आहे. (रागावू नका.)

खरी कमजोर जागा परवानगीची. सेक्रेटरींचा मेसेज सोसायटीच्या नेटवर्कपुरता, तोही कमिटीचा ठराव नाही, आणि केबलवाल्याचं नेटवर्क तर सेक्रेटरींच्या बापाचंही नाही. तरी तो मेसेज जपा, हेतू दाखवायला तोच कामी येणार, कोर्टात दाखवताना सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं सर्टिफिकेट लागेल. कोणी "मागच्या तारखेचा ठराव घालून टाकू मिनिट्समध्ये" म्हणालं तर हात जोडा, सोसायट्यांना ही फार वाईट खोड आहे आणि त्यातून खोटे कागद बनवल्याची वेगळी केस उभी राहते.

पोलिसांचं म्हणाल तर कलम ६६ दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस कोर्टाला न विचारता तपास करू शकतात, पण जामीनपात्रही आहे, आणि तपास इन्स्पेक्टर किंवा त्यावरचाच अधिकारी करतो, त्यामुळे रात्रीची झोप उडवू नका. बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३५ ची, म्हणजे पोलिसांसमोर हजर राहायची नोटीस आली तर वेळेवर जा, गेलात की सहसा अटक होत नाही. लॅपटॉप मागितला तर द्या पण पंचनाम्याची कॉपी घ्या.

केबलवाल्याच्या नोटिशीला मात्र स्वतः उत्तर लिहू नका, आणि माफीचा मेल तर नकोच, लोक भलेपणाने लिहितात आणि तोच पुढे कबुलीजबाब म्हणून वाचला जातो. आपण उत्तरात स्कॅन झाला हे मान्य करू, कशासाठी झाला ते सांगू, आणि केबलवाल्याचं नेमकं नुकसान काय झालं, कुठला राउटर किती वेळ बंद पडला ते लॉगसकट दाखवा असं विचारू. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे त्यांना १८० दिवसांचे लॉग ठेवावेच लागतात, तेव्हा नाहीत असं म्हणता येणार नाही. नोटीस हातात कधी पडली ती तारीख पाकिटावर लिहून ठेवा आणि पाकीट फेकू नका.